आईला रिटायर केलं त्या वर्षी

मी सांगलीला नक्की काय शिकते, हे फलटणकडच्या आमच्या गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. स्त्री आणि लिंगभाव अभ्यास हा माझा मेजर विषय. चुलत्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "बायकांचा अभ्यास? त्याला सांगलीला कशाला जायला पायजे? आमी लगीन झाल्यापास्नं तोच करतोय, अजून पास न्हाई." ओट्यावर बसलेले सगळे खो खो हसले. मीही हसले, कारण विनोद बरा होता. पण आतून चिडलेही. मला राग फार पटकन येतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमचा विभाग म्हणजे जिन्याशेजारची एक लांबट खोली आणि बाकी सगळा उसना कारभार. इतिहासाच्या तासाला एका मजल्यावर पळायचं, अर्थशास्त्राला दुसऱ्या. कायदा शिकवायला एक वकील मॅडम कोर्टातून थेट यायच्या, काळा कोट हातावर टाकून, आणि आल्या आल्या "पंखा लावा" म्हणायच्या. कथा-कविता मराठीचे सर शिकवायचे. एकाच प्रश्नाला हे सगळे वेगवेगळी उत्तरं द्यायचे. परीक्षेत कुणाचं लिहायचं म्हणून विचारलं की विभागाच्या बाई म्हणायच्या, "तुमचं लिहा की." सुरुवातीला मला वाटायचं, काय ही टाळाटाळ! दुसऱ्या वर्षापर्यंत मला त्याचीच गोडी लागली.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत माणदेशाकडची एक मैत्रीण होती, माझ्याच वर्गातली. तिच्या घरी आजापणज्यापासून मेंढरं, आता थोडी डाळिंबंही लावलेली. तिची आई अजून वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं बाहेर असायची. मैत्रीण बोलायला एकदम सरळ, समोर कोण आहे ते बघायची नाही. मी पुस्तकातलं एखादं जड वाक्य म्हटलं की ती अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायची, "हां, आता हेच मराठीत सांग." मी मराठीतच बोललेली असायचे.

घरी आई. पप्पा फौजेत. लहानपणीचे पप्पा म्हणजे सुट्टीवर आलेला माणूस. ते आले की घरात मटण, पाहुणे, हसणं, आणि मग एके सकाळी काळी पेटी परत अंगणात. रान आईनंच बघितलं. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे उसाच्या सरीसरीत पाणी फिरवायला, आमच्या गावात बाप्ये जातात. आमच्या घरातून आई जायची, साडीवर पप्पांचा जुना फौजी कोट घालून. उसाची लागण तिनं करायची, तण काढायची भांगलण तिनं, कारखान्याची तोड लवकर मिळावी म्हणून तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या मागं लागायचं तेही तिनंच. भांगलायला येणाऱ्या बायकांशी भांडायची तीच आणि त्यांना चहा पाजायची तीच. घरात आली की मात्र तिचं बोलणं निम्म्यावर यायचं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले आणि त्याच आठवड्यात पप्पा सुभेदार म्हणून रिटायर होऊन आले. आमच्या भागात फौजी रिटायर होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. उघडी जीप, झेंडूच्या माळा, तिरंगा. पुढं हलगी आणि मागं डीजे, दोन्ही एकदम, त्यामुळं धड एकही ऐकू येत नाही. दारादारातून बायका ओवाळतात. पप्पा वर्दीत, छातीवर मेडलं लावून जीपमध्ये उभे होते. कुणी काही म्हणो, मला भरून आलं. मी रस्त्यात उभी राहून रडले.

मारुतीच्या देवळापुढं सत्कार होता. पप्पांच्या हातात माईक दिला. ते म्हणाले, "एक मिनिट," आणि त्यांनी बायकांच्या घोळक्यातून आईला बोलावलं. आई मागं सरकली. बायकांनी तिला ढकलत ढकलत पुढं आणलं. पप्पांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात घातला. असलं काही आमच्या गावात कुणी केलेलं नव्हतं. हलगीवालासुद्धा हात थांबवून बघत राहिला.

"मी बॉर्डरवर ड्युटी केली," पप्पा म्हणाले. "हिनं इथं केली. उन्हातान्हात, चिखलात, एकटीनं. तिकडं मला झोप लागायची नाही हिच्या काळजीनं. आज माझी ड्युटी संपली. आज हिची पण संपली. उद्यापासून ही माझ्या रानात पाऊल टाकणार नाही. सुभेदाराचा शब्द आहे!"

टाळ्यांचा नुसता पाऊस. शेजारच्या काकूंनी डोळे पुसले. "नशीब काढलं गं तुझ्या आईनं," त्या मला म्हणाल्या. आई हारात बुडालेली, घामानं कुंकू नाकावर ओघळलेलं, हसत उभी होती. मीही टाळ्या वाजवल्या.

पप्पांवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट इथं सांगायला हवी. आमच्याकडं घराला बरे दिवस आले की सगळ्यात आधी रानातली बाई घरात येते. ट्रॅक्टर नंतर, बंगला त्याच्याही नंतर. "आमच्या बायका रानात जात न्हाईत," हे वाक्य लोक सोयरीक जमवताना पाहुण्यांना मुद्दाम ऐकवतात. म्हणजे पप्पांनी त्या दिवशी आईला गावात देता येण्यासारखी सगळ्यात मोठी वस्तू दिली होती. तिला नको असेल, हे त्यांच्या काय, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीच्या वेळेला उठली, अंघोळ केली, केस बांधले आणि पायरीवर येऊन बसली. पप्पा ट्रॅकपँट, पांढरे बूट आणि टोपी घालून रानाकडं निघाले. "आराम कर," ते म्हणाले, अगदी मायेनं. आई "व्हय" म्हणाली. ते दिसेनासे होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग आत गेली आणि घासलेली भांडी परत घासायला घेतली.

असंच चालू राहिलं. तिनं मांडणी उपसून लावली, परत उपसली, परत लावली. शेवया केल्या, मसाला कांडून आणला, माझ्या ओढण्यांना इस्त्री केली. टीव्ही लावायची आणि त्याच्याकडं पाठ करून खिडकीतून कालव्याकडं बघायची. रानातली एखादी बाई काही विचारायला दारात आली तर आईचं तोंड उघडायचं आणि मग ती म्हणायची, "त्यास्नी इचार." तिचं जेवण कमी झालं. इतकी वर्षं चिखलात न दुखलेले गुडघे आता फरशीवर दुखायला लागले. आणि पप्पा रोज संध्याकाळी येऊन कौतुकानं विचारायचे, "काय, बरं वाटतंय ना आता?"

एका दुपारी जेवताना माझा पारा चढला. "पप्पा, तुम्ही आईचं काम काढून घेतलंत," मी म्हटलं. "ही पितृसत्ताच आहे, फक्त हार घातलेली."

वाक्य मी सकाळपासून घोळवून तयार ठेवलं होतं. पप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्यांचा चेहराच पडला. "म्हणजे मी हिला चिखलात राबवत ठेवायला पाहिजे होतं? तुझ्या पुस्तकात तसं लिहिलंय?"

 राबणाऱ्या बाईवर माझ्याकडं वहीभर टिपणं होती. राबणं थांबवल्यावर झुरणाऱ्या बाईबद्दल त्या घडीला एक ओळ आठवत नव्हती. आई म्हणाली, "जेव गपचिप. बाप हाय तुझा." आणि माझ्याच ताटात अजून एक भाकरी टाकली. मी ती रागारागात सगळी खाल्ली.

कॉलेज सुरू झाल्यावर मी हे एकेकाच्या तासाला सांगितलं. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, तुझ्या आईला शेतकरी म्हणून कुठल्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं, त्यामुळं ती घरी बसली तरी देशाच्या कागदावर काहीही बदललेलं नाही. वकील मॅडमनी एकच विचारलं, "रान कुणाच्या नावावर?" मी म्हटलं, पप्पांच्या. "मग मालकानं येऊ नको म्हटलं, विषय संपला," म्हणाल्या आणि पंखा वाढवायला सांगितला. मराठीचे सर म्हणाले, "फार हृद्य प्रसंग आहे हा हाराचा." मला त्यांचा असा संताप आला! माझी आई तिकडं वाळत चाललीय आणि ह्यांना प्रसंग हृद्य वाटतोय.

शेवटी विभागाच्या बाईंच्या तासाला माझी मैत्रीण मागून म्हणाली, "हिच्या आईला कुणी इचारलंय का? का सगळे तिच्या वतीनंच बोलायला लागलाय?"

 बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "घेऊन ये तिला. पाहुणीच्या तासाला."

पाहुणीचा तास ही आमच्या बाईंची स्वतःची पद्धत होती. प्रत्येकानं आपल्या घरातल्या किंवा गावातल्या एका बाईला वर्गात आणायचं. ती शिक्षकांच्या खुर्चीत बसणार, शिक्षक बाकावर. वर्गानं विचारायचं, तिनं सांगायचं. तिचं बोलणं कुणी दुरुस्त करायचं नाही, तिला शब्द सुचवायचा नाही, आणि तिच्याबरोबर जे कुणी आलं असेल त्यानं शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसायचं. हा शेवटचा नियम भल्याभल्यांना झेपायचा नाही. आदल्या वर्षी एका मुलीनं वहिनीला आणलं होतं, बरोबर सासूबाई आल्या, आणि सगळी उत्तरं सासूबाईंनीच मागून दिली.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "मी काय बोलू तितं? मी तर आता कायच करत न्हाई." मागून पप्पांचा आवाज आला, "मी घेऊन येतो तिला!" बायकोला कॉलेजात पाहुणी म्हणून बोलावलंय, याचं त्यांना केवढं अप्रूप. चुलत्यांनाही त्यांनी सांगून टाकलं होतं.

पावसाळा सरत आला होता तेव्हा दोघं आली. आईनं जरीकाठाची साडी नेसली होती आणि हातात धपाट्यांचा हा एवढा डबा, वर शेंगदाण्याची चटणी. "पोरी हॉस्टेलात काय खात असतील कुणाला ठावं," म्हणाली. पप्पा कडक इस्त्रीत. शेवटच्या बाकावर त्यांचे गुडघे मावेनात, मग ते तिरके बसले.

वर्गात आमच्या पंधरावीस मुलींत दोन मुलगे होते. त्यातल्या एकानं सुरुवात केली. "मावशी, तुमचं काम काय?"

"कायसुदिक न्हाई," आई म्हणाली. "रिटायर झालीया मी."

सगळे हसले. आईही हसली आणि सगळ्यात जास्त पप्पा हसले.

"त्याच्या आधी?"

मग आई बोलायला लागली. आधी पदराच्या टोकाशी बोलत होती, हळूहळू मान वर आली. दारं कशी धरायची ते तिनं टेबलावर बोटानं सऱ्या काढून दाखवलं. पहिल्यांदा पाण्याला गेली तेव्हा बांध फुटून पाणी दुसऱ्याच्या रानात कसं गेलं आणि त्या घरची म्हातारी दिवसभर कशा शिव्या देत होती, ते शिव्यांसकट सांगितलं. बाईंना हसून हसून ठसका लागला. एकटीला भीती नाही वाटली, असं कुणीतरी विचारलं. "पयल्यांदा लय वाटली," आई म्हणाली. "मग गोडी लागली. घरात उठल्यापास्नं सगळी हाका मारत्यात. हे आण, ते दे. रानात मला कोण हाक मारत न्हवतं. तितं मी म्हणंल तसं व्हायचं." असं बोलताना मी माझ्या आईला कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात तिला एवढं बोलायला कुणी जागाच दिली नव्हती, मी पण नाही.

तेव्हा माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "मग मावशी, तुमाला थांबायचं हुतं का?"

आईनं पदराचं टोक परत हातात घेतलं. मला आतून नुसतं ओरडावंसं वाटत होतं, आई बोल, आत्ता बोल! पण शब्द सुचवायचा नाही हा नियम. मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

"न्हाई," आई म्हणाली. "कवाच न्हाई."

मागं बाक करकरला. पप्पा उठायला लागले होते. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडं नुसतं बघितलं. जन्मभर हुकूम दिलेला आणि पाळलेला माणूस, परत खाली बसला.

"पर ह्यांनी एवढ्या लोकांत हार घातला," आई म्हणाली. आता ती वर्गाशी बोलत नव्हती, थेट शेवटच्या बाकाकडं बघत होती. "लय मोठं मन हाय त्यांचं. तितं न्हाई कसं म्हणायचं? आणि दुसरं एक हाय. हे घरी आले. सारा जलम ड्युटी केलेला माणूस, घरात बसून करंल काय? मी रानात गेले असते तर हे पाव्हण्यासारखे वट्यावर बसले असते. म्हटलं, घेऊ द्या त्यास्नी रान. माझं काय, मी बसंन."

"मग बसता आलं का?" मैत्रीण.

"न्हाई आलं गं बाई," आई म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला. मी रडले, मैत्रीण रडली. पप्पा बाकावर कुणीतरी कोरलेली अक्षरं वाचल्यासारखे खाली बघत होते.

जोडून दोन दिवस सुट्टी होती म्हणून मीही त्यांच्याबरोबर गाडीत बसले.  विट्यात पप्पांनी चहाला गाडी थांबवली. हातातल्या ग्लासकडं बघत ते आईला म्हणाले, "मला वाटायचं तू माझ्यामुळं राबतेस. तिकडं बर्फात उभा असलो तरी डोक्यात तेच. ही चिखलात असंल."

"राबत हुते की," आई म्हणाली. "पर ते राबणं माझं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. पप्पांनी मान हलवली. चहा गार झाला तरी ते फुंकर मारत राहिले. मग म्हणाले, "आता काय करायचं? मी माईकवर बोललोय. उद्या तू रानात दिसलीस तर लोक म्हणतील, पेन्शन पुरंना, बायकोला परत जुंपली. काय तोंड दाखवू मी गावात?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात आईनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"तुमचा शब्द मोडू नका," ती म्हणाली. "तुमच्या रानात न्हाई जायची मी. वड्याकडचा तुकडा तेवढा माझ्या नावावर करा. तितं जाईन. तितं मला कुणी रिटायर करायचं न्हाई."

आईनं कधी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. साडीसुद्धा तिला कुणीतरी घेऊन यायचं आणि ती म्हणायची, चांगलीय की. तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि ती होती जमीन. मी पप्पांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी ग्लास ठेवला, "चला, उशीर होतोय," म्हणाले आणि गाडीकडं गेले.

दहिवडीच्या पुढं उघडे माळ लागले, अंधारून आलं, आणि मी मागच्या सीटवर बसून नुसती धुमसत होते. ह्या माणसानं आईसाठी जीव दिला असता, याबद्दल मला आजही शंका नाही. आणि ओढ्याकाठच्या एवढ्याशा तुकड्यापाशी त्याची जीभ टाळ्याला चिकटली. मला त्यांचा राग येत होता आणि आरशात दिसणारे त्यांचे थकलेले डोळे बघून कीवही येत होती. राग आणि कीव एकाच वेळी येणं फार वाईट, धड भांडताही येत नाही.

त्यानंतरचे आठवडे मी सांगलीत कसे काढले, मलाच माहीत. माझी भीती साधी होती. ते नाही म्हणाले तर आईनं जायचं कुठं? मागण्याआधी ती गप्प बसून दिवस ढकलत तरी होती. आता मागून झालं होतं. नकार घेऊन त्याच पायरीवर, त्याच माणसाला चहा देत बसायचं, हे तिला जमणार नव्हतं आणि मला बघवणार नव्हतं. वकील मॅडमना विचारलं तर त्यांनी कोट खाली ठेवायच्या आत सगळं सांगितलं. नवऱ्याला बायकोच्या नावावर करता येतं, त्यात अवघड काही नाही. मी ते सगळं पप्पांना मोबाईलवर लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

आईच्या फोनवरून बातम्या कळायच्या. चुलत्यांच्या कानावर गेलं होतं. ते पप्पांना म्हणाले होते, "बायकोच्या नावावर? का रं, डॉक्टरनं काय सांगितलंय का तुला?" हे सांगताना आईला हसू आवरेना.

"तुला हसायला येतंय?" मी ओरडले.

"मग काय रडू? रडून झालं की सांगलीत." मग जरा थांबून ती म्हणाली, "हे बघ, ह्या घरात कुठल्या बाईच्या नावावर कवा काय झालंय? त्यास्नी वेळ लागंल. रानात जातात, बांधावर बसून राहतात, परत येतात. तू मधी पडू नगंस."

मी मध्ये पडले नाही. मला ते फार जड गेलं. रोज रात्री मैत्रीण विचारायची, "फोन आला?" आणि मी मानेनं नाही म्हणायचे.

दिवाळीच्या सुट्टीला मी एसटीनं घरी पोचले तेव्हा भर दुपार होती. दार उघडं, घरात सामसूम. पप्पा ओट्यावर थर्मासचं झाकण लावत उभे होते.

"आई कुठाय?"

"तिच्या रानात," ते म्हणाले. अगदी सहज म्हटल्यासारखं, पण माझ्याकडं न बघता. "कागद झालाय. तलाठ्याकडं नोंद व्हायचीय अजून. तू आधी पाणी पी, ऊन किती आहे."

मी बॅग तिथंच टाकली आणि त्यांच्या गळ्यात पडले. आमच्या घरात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. पप्पा परेडमध्ये उभे राहिल्यासारखे ताठ उभे राहिले, मग त्यांनी माझ्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. "चल," म्हणाले, "तिचा चहा राहिलाय."

ओढ्याकडच्या तुकड्यात नवी लागण चालली होती. चारपाच बायका ओळीनं वाकलेल्या आणि सगळ्यांच्या पुढं आई, साडी वर खोचलेली, नडगीपर्यंत चिखल. उसाच्या कांड्या लांब लांब टाकल्या म्हणून ती कुणावर तरी खच्चून ओरडत होती. तो आवाज ऐकूनच माझं पोट भरलं. मी पळतच आत शिरणार होते, पण पप्पांनी माझा दंड धरला.

ते बांधावर थांबले होते. त्यांनी बूट काढून एका हातात घेतले, दुसऱ्या हातात थर्मास. बायकांनी काम थांबवून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी घसा खाकरला.

"आत येऊ का?" पप्पांनी विचारलं.

सुभेदाराच्या तोंडी हा प्रश्न गावात कुणी ऐकला नसेल. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आईनं मान वर केली, त्यांच्याकडं बघितलं, हातातली कांडी सरीत दाबली आणि पायानं तिच्यावर माती ओढली.

"थांबा वाईच," ती म्हणाली. "एवढी सरी हुंद्या."

आणि पप्पा बांधावर थांबले.